रोजची सायकल राहू द्या, मैदाने पुढे ढकला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या कोल्हापूरच्या पानांवर दोन प्रकारच्या बातम्या हमखास दिसू लागतात. एकीत दोनशे किंवा तीनशे किलोमीटरचे अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करणाऱ्या सायकलपटूंचे अभिनंदन असते, तर दुसरीत कोणाला तरी पीएच.डी. जाहीर झाल्याचे वृत्त प्रबंधाच्या शीर्षकासह आणि मार्गदर्शकांच्या नावासह छापलेले असते. या दोन्ही बातम्यांतली माणसे पुष्कळदा एकाच वयाची आणि एकाच चिवट स्वभावाची असतात. काही वेळा तर ती एकच व्यक्ती असते. पदवी आणि सायकल यांच्यामध्ये त्या व्यक्तीची जी ओढाताण होते, तिच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. मी इतिहास विषयात संशोधन करते, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि मनापासून सायकल चालवते. माझा प्रबंध लेखनाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले असून ते संशोधक विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि सायकल गटांतील ज्येष्ठ मंडळी या सर्वांसमोर आपल्या पत्रांच्या सदरातून मांडण्याची परवानगी असावी.

प्रबंध पूर्ण करण्यासाठी सायकल सोडण्याची मुळीच गरज नाही. पण लेखनाच्या काळात लांब पल्ल्याच्या मोहिमा बाजूला ठेवल्याच पाहिजेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे निदान कोल्हापूरला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये. इथल्या तालमींत पहाटेची मेहनत कोणी चुकवत नाही. जोर, बैठका आणि लढत रोजची असते. परंतु प्रत्येक गावच्या जत्रेचे मैदान मारायला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला पाठवत नाहीत. कोणते मैदान घ्यायचे, कोणते सोडायचे आणि कोणत्या मोसमात नुसते अंग कमवायचे हे ते विचारपूर्वक ठरवतात, आणि एखादे मैदान सोडले म्हणून त्या पठ्ठ्याची कुस्ती सुटली असे कोणी म्हणत नाही. संशोधन करणाऱ्या सायकलपटूला मात्र दोनच टोकांचे सल्ले मिळतात. घरातले आणि विभागातले म्हणतात, आधी पदवी घे आणि मग काय फिरायचे ते फिर. सायकल गटातले मित्र म्हणतात, काढला तर वेळ निघतोच. पहिला सल्ला ऐकणारा हळूहळू उदास होतो, आणि दुसरा ऐकणाऱ्याची मुदत संपत येते.

वेळ निघतोच असे म्हणणाऱ्यांचा हिशेब कुठे चुकतो ते थोडे तपशिलाने सांगते. आपल्याकडे बीआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहिमा फ्रान्समधील ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँच्या नियमांनुसार होतात. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास दिले जातात, आणि ही चारही अंतरे नोव्हेंबर ते पुढचा ऑक्टोबर अशा एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला सुपर रॅन्दोनिअर म्हणतात. कागदावर पाहिले तर हे एकूण १,५०० किलोमीटर होतात आणि वेळ लागतो जास्तीत जास्त शंभर तासांहून किंचित अधिक. वर्षभरातले शंभर तास म्हणजे काहीच नाही, असे कोणालाही वाटेल. पण ६०० किलोमीटरसाठी शरीर तयार करायचे तर त्याआधीचे कित्येक शनिवार-रविवार लांबच्या फेऱ्यांना द्यावे लागतात. आदल्या दिवशी दिवे, ट्यूब, खाण्याचे पदार्थ यांची जुळवाजुळव असते. चारशे आणि सहाशेच्या मोहिमांत रात्रीची झोप जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस डोळे पानावर ठरत नाहीत. माझ्यासारख्या शिकवून संशोधन करणाऱ्यांना सलग लेखनासाठी मिळतात तेच मुळी शनिवार आणि रविवार.

याहूनही मोठा खर्च वेळेच्या वहीत दिसत नाही. प्रबंधाच्या प्रकरणाची मांडणी टेबलाशी बसल्यावरच सुचते असे नाही. ती दिवसभर डोक्यात घोळावी लागते. मोठी मोहीम जवळ आली की त्याच डोक्यात वाऱ्याची दिशा, चढाचे गिअर, वाटेतल्या कोणत्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, किती वाजता पोचायचे याची आकडेमोड सुरू होते. रोजच्या तासाभराच्या फेरीने असे होत नाही. ती फेरी मन मोकळे करते, तर मोहीम मन व्यापून टाकते. आणि प्रबंधालाही मन व्यापण्याइतकीच जागा लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना, तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सहा वर्षे हा आकडा नोंदणीच्या दिवशी ऐसपैस वाटतो. अभ्यासक्रमाचे तास, विषयाची मान्यता, आराखड्यातील दुरुस्त्या, साधनांचा शोध, त्यात नोकरी आणि घर, असे सगळे वजा केले की खऱ्या लेखनाला उरतो तो काळ बहुतेकांच्या बाबतीत दीड-दोन वर्षांचाच असतो. म्हणजे मी ज्या त्यागाविषयी बोलते आहे तो सायकलच्या एका, फार तर दोन हंगामांचा आहे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची, ९० तासांची मोहीम दर चार वर्षांनी होते. २०२३ नंतरची २०२७ मध्ये आहे, आणि तिच्या पात्रतेसाठी चार अंतरांची मालिका त्याच वर्षी पूर्ण करावी लागते. ज्या संशोधकाने हे स्वप्न धरले आहे त्याच्यासमोर तारखा इतक्या आधी मांडलेल्या आहेत की प्रबंध त्यापूर्वी सादर करायचा किंवा २०३१ ची वाट पाहायची, हे त्याला आजच ठरवता येते. न ठरवता दोन्ही चालू ठेवणे हाच सर्वांत महाग पर्याय आहे.

ठरवण्याच्या कामात कोल्हापूरचे हवामान संशोधकाला मोठी मदत करते आणि तिचा पुरेसा उपयोग आपण करून घेत नाही. जून ते सप्टेंबर या काळात गगनबावडा आणि राधानगरीच्या बाजूला जो पाऊस कोसळतो त्यात लांबची सायकल चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा रेषेकडे आणि ४३ फुटांच्या धोका रेषेकडे सरकू लागण्याच्या कितीतरी आधी नद्यांवरचे बंधारे पाण्याखाली जातात आणि जवळचे रस्ते बंद होतात. हे चार महिने निसर्गानेच लेखनासाठी राखून ठेवलेले आहेत. जूनमध्ये एक प्रकरण हाती घ्यावे आणि गौरी-गणपतीच्या आत त्याचा कच्चा खर्डा मार्गदर्शकांच्या हाती द्यावा, असा नेम धरला तर दोन पावसाळ्यांत प्रबंधाचा कणा उभा राहतो. माझ्या लेखनाचा मोठा भाग असाच पावसाळ्यात झाला आहे. दिवसातल्या मोकळ्या उघडिपीत विद्यापीठापर्यंत जाऊन येण्यापुरती सायकल तेव्हाही चालतच होती.

प्रश्न खरा अवघड होतो तो दिवसाच्या वेळापत्रकात, कारण सायकलला आणि लेखनाला दोघांनाही पहाटच हवी असते. सकाळी साडेपाच ते आठ या वेळेत रस्ते मोकळे असतात आणि डोकेही ताजे असते. या वेळेची वाटणी तडजोडीने होत नाही असे माझे निरीक्षण आहे. अर्धा तास इकडे आणि अर्धा तास तिकडे केला की दोन्ही अर्धवट राहतात. लेखनाच्या काळात आठवड्यातल्या बहुतेक पहाटा प्रबंधाला द्याव्यात आणि सायकलने जाण्या-येण्याचे वाहन व्हावे. राजारामपुरीतून सागरमाळ चढून विद्यापीठात पोचायला सायकलवर लागणारा वेळ दुचाकीपेक्षा फार जास्त नसतो, आणि जो जास्त लागतो तो वेगळा काढावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते. आठवडाभराच्या अशा जाण्या-येण्यातून तिचा बराचसा भाग भरून निघतो. त्यापलीकडचे सायकलिंग आपण आरोग्यासाठी करत नाही, प्रेमापोटी करतो. तसे उघडपणे मान्य केले की त्याला आठवड्यात एक पहाट देता येते आणि ती देताना अपराधी वाटत नाही. माझी ती पहाट कधी शिवाजी पुलावरून केर्लीमार्गे वाघबिळाचा चढ चढून पन्हाळ्याकडे जाते, तर कधी कळंब्यावरून कात्यायनीकडे.

सायकलने प्रबंधाला काही दिले का, असे मला विचारले जाते. माझा विषय करवीर संस्थानातील पाण्याच्या व्यवस्थेचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीजवळ भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले, हे आपण सारेच शाळेपासून वाचत आलो आहोत. पण मोडी कागदांत एखाद्या गावाचे नाव येते, वरचा गाव आणि खालचा गाव असा उल्लेख येतो, तेव्हा त्या दोन गावांमधली जमीन प्रत्यक्ष कशी उतरते हे नकाशावरून नीट उमगत नाही. भोगावतीच्या काठाने सायकल नेली की तो उतार पायांना कळतो. राज्यभर ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात त्याला पावसाळ्यानंतर पाणी अडवणारे बरगे, म्हणजे फळ्या, घालताना आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढताना मी थांबून पाहिले आहे, शेतकऱ्यांशी बोलले आहे, आणि पाण्याच्या पाळीवरून माणसे कशी आणि केव्हा भांडतात हे समजून घेऊन मग कागदाकडे परतले आहे. मोटारीतून हे दिसले नसते. तितकेच खरे हेही आहे की बीआरएममध्येसुद्धा हे दिसले नसते, कारण तिथे घड्याळ चालू असते आणि बंधाऱ्यावर अर्धा तास गप्पा मारत उभे राहणे परवडत नाही. संशोधनाच्या कामी आली ती मनाजोगती थांबणारी सायकल.

आता मार्गदर्शकांविषयी थोडे स्पष्ट लिहिते. माझ्या ओळखीच्या एका संशोधक मैत्रिणीला तिच्या मार्गदर्शकांनी एकदा भर विभागात सुनावले की मोबाइलच्या स्टेटसवर सायकलचे फोटो टाकायला वेळ आहे, मग प्रकरण लिहायला का नाही. तिने फोटो टाकणे बंद केले. त्यानंतर सायकलवर भेटलेल्या कोणी विभागात काही बोलू नये म्हणून ती काळजी घेऊ लागली, आणि पुढे पुढे मार्गदर्शकांसमोर जाणेच टाळू लागली. तिचे काम रखडले ते त्या टाळाटाळीत. सायकल तर तिने केव्हाच कमी केली होती. प्रबंध रखडण्याची कारणे शोधताना छंदाकडे बोट दाखवणे सोपे असते, कारण छंद सर्वांना दिसतो. विषयाची व्याप्ती अकारण मोठी ठेवलेली असते, तपासायला दिलेली पाने महिनोन्महिने परत येत नाहीत, पुढच्या भेटीची तारीखच ठरलेली नसते, या गोष्टी कोणाच्या स्टेटसवर दिसत नाहीत. माझ्या मार्गदर्शक मॅडम सायकलविषयी कधी काही विचारत नाहीत; त्या ठरलेल्या दिवशी ठरलेली पाने मागतात आणि लाल खुणा करून वेळेत परत देतात. त्यांच्या या शिस्तीमुळे माझी सायकल शाबूत राहिली आणि प्रबंधही पुढे सरकला. नियमावलीप्रमाणे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. त्या बैठकीत विद्यार्थ्याने पुढच्या सहा महिन्यांचे लेखनाचे वेळापत्रक मोकळेपणाने ठेवावे, त्यात आपली रविवारची फेरीही असू द्यावी, आणि समितीने वेळापत्रक पाळले गेले की नाही एवढेच पाहावे. पाने वेळेवर येत असतील तर विद्यार्थी रविवारी कुठे होता याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

महिला संशोधकांच्या बाबतीत या ओढाताणीला तिसरे टोक असते. पुरुष पहाटे सायकल घेऊन बाहेर पडला तर तो वेळ त्याच्या स्वतःचा समजला जातो. विवाहित स्त्री बाहेर पडली की तो तास आधी घराच्या खात्यातून गेलेला धरला जातो, आणि प्रबंधाचा विचार त्यानंतर होतो. आयोगाने दिलेल्या वाढीव दोन वर्षांमागे ही जाणीव आहे, पण मुदत वाढल्याने पहाट मोकळी होत नाही. डबे, मुलांची शाळा, ज्येष्ठांची औषधे या कामांची वाटणी घरात बसून, सर्वांनी मिळून करावी लागते. आमच्या घरी सासूबाईंनी आपणहून सकाळचा चहा-नाश्ता स्वतःकडे घेतला आणि यजमानांनी डब्यांची जबाबदारी उचलली, तेव्हाच माझ्या लेखनाच्या पहाटा खऱ्या अर्थाने माझ्या झाल्या. ज्या घरात सून किंवा मुलगी संशोधन करते आहे त्या घरांना माझी विनंती आहे की तिची सायकल ही चैन आहे असे समजून सर्वांत आधी तिच्यावर कात्री चालवू नये. दिवसभरात तिच्या एकटीच्या मालकीचा असा तो एवढाच तास असतो.

सायकल आणि विद्वत्ता एकत्र नांदू शकतात याचे उदाहरण म्हणून ऑस्ट्रियाच्या आना कीझनहोफर यांचे नाव नेहमी घेतले जाते, आणि ते घ्यावेच. गणितात संशोधन करणाऱ्या या बाईंनी कोणत्याही व्यावसायिक संघात नसताना टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै २०२१ मध्ये महिलांच्या १३७ किलोमीटरच्या रोड रेसचे सुवर्णपदक जिंकले. मात्र त्यांच्या आयुष्यातला क्रम लक्षात घेतला जात नाही. बार्सिलोनातून त्यांची गणितातली पीएच.डी. २०१६ मध्ये पूर्ण झाली. व्यावसायिक संघाशी करार त्यानंतर २०१७ मध्ये झाला, तोही फार काळ टिकला नाही, आणि ऑलिम्पिकचे मोठे मैदान त्यांनी मारले ते प्रबंध पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी. संशोधनाच्या काळातही त्या सायकल चालवत होत्या, शर्यतीतही उतरत होत्या, हे खरे आहे. आयुष्यातले सर्वांत मोठे मैदान मात्र पदवीनंतर आले, आणि आपल्या तरुण संशोधकांनी त्यांच्या पदकाइतकेच या क्रमाकडेही पाहावे असे मला वाटते.

जाता जाता एक मागणी, कारण तिच्यावाचून वरचे सगळे अपुरे राहील. सायकल हे रोजचे वाहन व्हायचे असेल तर ती चालवणारा सुखरूप पोचला पाहिजे. नोव्हेंबरपासून ऊस वाहतूक सुरू होते, जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात, आणि पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे रिफ्लेक्टर नसेल तर तो सायकलस्वाराला अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक ट्रॉलीची तपासणी करावी, रस्त्यांच्या साइडपट्ट्या भरून घ्याव्यात, आणि महाविद्यालयांनी व विद्यापीठांच्या विभागांनी सायकलींसाठी छपराखालची जागा आणि घामेजलेले कपडे बदलण्यापुरती एखादी खोली द्यावी. यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

सायकल गटांतील ज्येष्ठांना शेवटी एवढेच सांगायचे आहे की आपल्या गटात संशोधन करणारे तरुण-तरुणी असतील तर पुढची बीआरएम केव्हा करतोस असे विचारताना प्रबंध कोणत्या प्रकरणापर्यंत आला हेही त्यांना विचारावे. लेखनाच्या वर्षात त्यांना नोंदणीचा आग्रह न करता कंट्रोलवर शिक्के मारण्याच्या, पाणी देण्याच्या कामाला बोलवावे. त्यात एका दिवसातले काही तास जातात, गटाशी नाते राहते आणि शरीराची झीज होत नाही. माझ्या गटाने मला या हंगामात हेच काम दिले आहे आणि ते मी आनंदाने स्वीकारले आहे.

आपली विश्वासू,
एक संशोधक विद्यार्थिनी
राजारामपुरी, कोल्हापूर